निबंधातली आई

सागाच्या एका जंगलात, तळ्याकाठच्या जांभळीवर, एक तरुण खार आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. घर कसलं, दोन फांद्यांच्या बेचक्यात अडकवलेलं काटक्यांचं घरटं! वर शिक्रा घिरट्या घालायचा. लेक लहान असताना एकदा त्यानं झडप घातलीच. आईनं लेकीला पोटाखाली घेतलं आणि शिक्र्याच्या हाती लागली ती आईची अर्धी शेपूट. तेव्हापासून जंगलातली टवाळ पोरं म्हातारीला 'लांडी' म्हणून चिडवत. म्हातारी हसून सोडून देई. लेकीच्या मनात मात्र एकच घोर, की कधी एकदा आईला पक्क्या ढोलीत नेऊन ठेवते.

आणि मुलांनो, तशी संधी चालून आली. दर हिवाळ्यात तळ्यावर दूरदेशीचे पक्षी उतरत. ते बोलणार इंग्रजी, आणि या जंगलात इंग्रजी येत होती कुणाच्या बापाला? पाहुण्यांनी मासे कुठे म्हणून विचारावं आणि बदकानं बेधडक मगरीकडे बोट दाखवावं, असा सगळा कारभार! शेवटी ठरलं, एक दुभाषी नेमायचा आणि त्याला राहायला तळ्यावरच्या जुन्या वडाची ढोली द्यायची. त्यासाठी परीक्षा एकच, इंग्रजीत निबंध. तपासणार होता पाहुण्यांतला म्हातारा करकोचा. वर्षानुवर्षं येऊन येऊन त्याला इथली बोलीही चांगली कळू लागली होती.

परीक्षा आली म्हणजे शिकवणी आलीच. पोपटानं लगेच आंब्याच्या फांदीवर वर्ग उघडला. आईनं जपून ठेवलेल्या चारोळ्या त्याच्या पुढ्यात ओतून खारही त्या वर्गात जाऊन बसली. पोपट मान वाकडी करून म्हणाला, "आपलं डोकं चालवायचं नाही. मी देतो तो निबंध घोकायचा. विषय कुठलाही येऊ दे, पहिल्या परिच्छेदात बाग फुलवायची आणि दुसऱ्या परिच्छेदात आई मारायची! तपासणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की गुण आलेच."

खारीला कसंसंच झालं. "पण गुरुजी, माझी आई तर धडधाकट आहे."

"अगं खुळे, निबंधात मारायची, घरी नव्हे! निबंधात खरं लिहितं का कुणी?"

सगळा वर्ग खो खो हसला. खारही हसली आणि घोकायला लागली. घरी ती घडाघडा इंग्रजी म्हणू लागली की आई सगळी कामं टाकून ऐकत बसे. तिला एक अक्षर कळत नव्हतं. तरी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून ती म्हणे, "किती गोड बोलते गं माझी बाय!" आणि बाय काय बोलत होती? आईच्या मरणाचा परिच्छेद! लेकीची मान तेव्हा खाली जायची, पण घोकणं काही थांबलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आईनं लेकीच्या हातावर मधाचा थेंब ठेवला, पानात बोरं बांधून घेतली आणि तीही सोबत निघाली. विषय आला, 'माझे घर'. खारीला आधी आठवलं ते बेचक्यातलं घरटं. पण बेचक्याला इंग्रजीत काय म्हणतात? आणि असल्या घराला गुण तरी कोण देणार? पोपटाचा निबंध जिभेवर तयार होता. तिनं हवेली बांधली, बाग फुलवली आणि दुसऱ्या परिच्छेदात आईला तापानं मारून टाकलं. एकही चूक झाली नाही.

निबंध वाचून करकोचा बाहेर आला, तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "लेकरांनो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "या जंगलात कसली साथ आली होती? तुम्हा सगळ्यांच्याच आया गेल्या?"

झाडाखाली सगळ्यांच्या आया शिदोऱ्या घेऊन बसल्या होत्या. हरणी साळिंदरीकडे बघायला लागली, साळिंदरी मुंगशीकडे. पोरं माना खाली घालून माती उकरू लागली. पोपटगुरुजी तर केव्हाच भुर्रकन उडून गेले होते.

करकोचा खारीपाशी थांबला. "तुझी भाषा सगळ्यांत शुद्ध. ढोली तुलाच द्यावी म्हणतो." मग त्याला तिच्यामागे बोरांचं पान धरून उभी असलेली म्हातारी दिसली. "या कोण?"

आई म्हटलं तर ढोली गेली! खार चाचरत म्हणाली, "या... या शेजारच्या मावशी."

म्हातारीनं लेकीकडे एकदाच पाहिलं. मग आपली तुटकी शेपूट हळूच अंगाखाली दडवली आणि करकोच्याला हात जोडून म्हणाली, "होय जी, मावशीच मी. आईवेगळी पोर आहे बिचारी, तिला सांभाळून घ्या."

खारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जिनं शेपूट देऊन जीव वाचवला, तीच आज लेकीची लाज राखायला शेपूट लपवत होती! "नाही!" ती एकदम ओरडली. "ही माझी आई आहे. मी खोटं लिहिलं. खोटं बोलले. जिवंत आईला मी मारलं!" आणि ती आईच्या पायांशी कोसळून हमसून हमसून रडली.

करकोच्यानं तिच्यापुढे एक कोरं पान ठेवलं. "आता तुझं घर लिही."

खारीला इंग्रजीतले मोजकेच शब्द येत होते. डोळे पुसत तिनं अडखळत लिहिलं, 'माझ्या घराला दार नाही. शिक्रा येतो तेव्हा आई दार होते. आईची शेपूट अर्धी आहे. ती माझ्यापायी गेली. आज मी आईला मावशी म्हटलं.'

करकोच्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. "चुका पुष्कळ आहेत," तो म्हणाला, "पण निबंध हाच. यंदा मात्र ढोली कुणालाच मिळणार नाही. पुढच्या हिवाळ्यात ये, आणि येताना पोपटाला विसरून ये."

मायलेकी घराकडे निघाल्या. वाटेत आईनं विचारलं, "एक विचारू गं? त्या पहिल्या निबंधात मी कशानं मेले?"

"तापानं," खार कशीबशी म्हणाली.

"बरं झालं बाई. शिक्र्यानं नेलं असं नाही लिहिलंस. त्याला मी इतक्या सहजी सापडायची नाही!" असं म्हणून म्हातारी स्वतःशीच हसली आणि तिनं बोरांचं पान लेकीपुढे धरलं. "खा, सकाळपासून उपाशी आहेस."

खारीनं बोर नुसतं हातात धरून ठेवलं. त्या दिवशी तिला आईच्या बरोबरीनं चालवलं नाही. समोर हलणाऱ्या त्या अर्ध्या शेपटीकडे बघत ती जांभळीपर्यंत मागेमागेच चालत राहिली.

तात्पर्य : उसन्या निबंधाला गुण मिळतीलही, पण त्यापायी आपलंच माणूस परकं होतं, म्हणून मोडकंतोडकं का असेना, लिहावं ते आपलं आणि खरं.