गगन्या आणि तळ्यावरचा वारा

चेंडू बोलत असत आणि माणसे ऐकत नसत, त्या काळची गोष्ट. गोल्फच्या एका मैदानावर गगन्या आणि घसट्या असे दोन चेंडू होते. गगन्या उंच उडे, झाडे ओलांडे आणि चेंडू घालायच्या खळग्याजवळ पडला की जागीच थांबे. घसट्या जमिनीलगत जाई. तो झाडांवर आपटे, नाहीतर खळगा सोडून पुढे घरंगळे. गगन्याला त्याची कीव येई.

एकदा तळ्याकाठी मालकाने वारा बघायला चिमूटभर गवत उडवले. गगन्याला वाटले, आपल्यावर अक्षता पडल्या.

"अरे, गवत तळ्याकडे गेलं," पिशवीतून घसट्या म्हणाला. "आज खालून जा. पाण्यात पडलेला परत येत नाही."

"खालून तू जा. तुला सवय आहे."

गगन्या नेहमीपेक्षा उंच गेला. वर वाऱ्याने त्याला धरले आणि तळ्यात नेऊन सोडले. मग मालकाने घसट्याला मारले. तो वाऱ्याखालून गेला, खळगा सोडून बराच पुढे घरंगळला, पण कोरडा राहिला.

तळ्याच्या बुडाशी एक बेडूक बसला होता.

"कुठून आलात, पाहुणे?"

"वरून," गगन्या ताठ्यात म्हणाला.

"इथे सगळे वरूनच येतात," बेडूक म्हणाला, आणि त्याला जागा द्यायला चिखलात जरा सरकला.