देठासकट अंजीर

"कोणता ग्लॉकस?" कालियासने विचारलं.

म्हातारी फिलीना गोंधळली. खारवलेल्या माशांची टोपली तिने अंगणात टेकवली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"ग्लॉकसची कथा गा, एवढंच म्हणाले रे मी."

कालियास खूश झाला. असल्या संधीची तो वाटच पाहत असे. ग्रीकांच्या पुराणात एका नावाची माणसं पोत्याने सापडतात आणि ती निवडून वेगळी करण्यात त्या अख्ख्या बेटावर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही गोष्ट कुणी विसरलंच, तर तो स्वतः आठवण करून देई.

"ग्लॉकस पुष्कळ आहेत, मावशी. एकाला त्याच्याच घोड्यांनी खाल्लं. एकाने ट्रॉयच्या रणात सोन्याचं चिलखत देऊन काशाचं घेतलं. एक..."

थेऑन गुरुजी भिंतीला टेकून ऊन खात होते. डोळे मिटलेले.

उद्या कालियास गावोगाव गायला निघायचा होता. अर्थात, गुरुजींनी काठी दिली तर. गायकाची काठी ज्याच्या हातात असेल त्याने बोलायचं आणि इतरांनी, मग तो राजा का असेना, मुकाट ऐकायचं, अशी तिकडची रीत. आज एक दिवस ती कालियासच्या हातात होती. परीक्षाच म्हणा ना.

"तो रे," फिलीना म्हणाली, "समुद्रात गेला तो. मग कसलासा पाला लावला आणि जिवंत होऊन घरी आला बघ."

"छे, छे! तुम्ही दोघांची खिचडी केलीत, मावशी. जिवंत झाला तो क्रीटच्या राजाचा मुलगा. तो मधाच्या रांजणात बुडाला होता. समुद्रातला निराळा. तो साधा कोळी. त्याने किनाऱ्यावरचं जादूचं गवत खाल्लं, पाण्यात उडी घेतली आणि देव झाला. तो घरी नाही आला."

"नाही आला?"

"कधीच नाही."

...

"तरीच," फिलीना म्हणाली. "तरीच माझाही आला नाही."

तिने टोपली उचलायला हात घातला.

गुरुजींनी डोळे उघडले. सावकाश उठले, गुडघ्यावर हात ठेवून. आणि कालियासच्या हातातली काठी काढून घेतली.

कालियासचा चेहरा खर्रकन उतरला.

"गुरुजी, मी कुठेच चुकलो नाही."

"नाही चुकलास."

त्यांनी काठी फिलीनाच्या हातात दिली.

"अगंबाई! मला कुठं गाता येतं?"

"गाऊ नकोस. सांग."

तिने काठी दोन्ही हातांनी धरली. मग बोलू लागली.

"माझा ग्लॉकस डावखुरा होता. जाळ्याच्या गाठी उलट्या मारायचा, बाप ओरडायचा त्याला. अंजीर खायचा ते देठासकट. मी म्हणायची, अरे मेल्या, देठ तरी टाक! तर म्हणायचा, झाडाने दिलंय ना आई, मग सगळंच खायचं... गेला त्या दिवशीही मूठभर अंजीर घेऊन गेला होडीत."

...

"झालाही असेल तो देव," ती म्हणाली.

कालियासने तोंड उघडलं.

काठी तिच्या हातात होती. त्याने तोंड मिटलं.

मग तिने काठी गुरुजींना परत केली. दोन मासे ओट्यावर ठेवले, जाता जाता कालियासच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला राग आलाच नव्हता. त्यामुळे त्याला जास्तच लागलं.

ऊन भिंतीवरून सरकलं, तरी दोघं बसूनच होते.

"मी खरं तेच बोललो, गुरुजी."

"हो."

"तरी तिला दुखवलं."

"हो."

"मला काठी नको. मी लायक नाही."

"मग काय, या वयात मी हिंडू गावोगाव? गुडघे देतोस का तुझे?"

गुरुजींनी काठी त्याच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावर त्याची बोटं घट्ट मिटवली. कालियासला रडू आवरेना. गुरुजींनी आवर म्हटलंही नाही.

"उद्या कुणी ग्लॉकस गा म्हणालं, तर कोणता गाऊ?"

"आधी विचार, कुणाला हवाय."

"आणि... मावशींचा?"

"तोही गा."

"पण तो ना राजाचा, ना कुठल्या लढाईतला. लोक म्हणतील, हा आणखी कोणता? बाकीच्यांतून वेगळा कसा ओळखायचा त्याला?"

गुरुजींनी पुन्हा भिंतीला पाठ टेकली. डोळे मिटले.

"देठासकट अंजीर खाणारा."