हार घातलेली झारी

भांड्यांना तोंड होतं आणि ती ते वापरायचीही, त्या काळातली गोष्ट. एका गावात पितळेची झारी होती. झाड लावायचा समारंभ असला की तिला चिंचेने घासून, हार घालून मिरवत आणायचे.

एकदा जांभळाचं रोप लावलं. झारीने ऐटीत त्याच्या पानांवर चार थेंब शिंपडले. टाळ्या पडल्या.

"बाई, पानं कसली धुताय? मुळाशी ओता, माती खोलवर भिजू दे," रोप म्हणालं.

"मुळाशी ओतलेलं कुणाला दिसतं?" झारी फणकारली. "शिवाय खाली वाकलं की माझा हार घसरतो."

"मग उद्या तरी याल?"

"उद्या? उद्या बघायला कोण असतं?"

झारी कपाटात जाऊन बसली. पावसानेही दडी मारली आणि बघता बघता रोपाची काडी झाली.

पुढच्या वर्षी झारी नवा हार घालून, नवं रोप घेऊन त्याच खड्ड्यापाशी आली.

"अगबाई, जागा राखून ठेवलीस की माझ्यासाठी!" ती खड्ड्याला म्हणाली.

"ठेवली ना," खड्डा म्हणाला. "पण बाई, यंदा रोपाला कशाला त्रास? सरळ काडीच रोवा. शेवटी तेवढीच तर उरते."