पाण्याखालून पाहिलेले पीस

डोंगरातून खाली धावणाऱ्या एका नदीच्या काठी सोमाजीबाबा नावाचे एक वृद्ध राहत असत. मासे धरण्यासाठी पिसांच्या बनावट माश्या बांधणे, ही त्यांची विद्या. बारीक गळावर रेशमाचा धागा गुंडाळायचा आणि त्याच्या तोंडाशी मऊ पिसाचा एखादा वेढा द्यायचा. पाण्यातल्या किड्याचा भास व्हावा, इतकेच. दूरदूरचे शौकीन त्यासाठी त्यांच्या दारी येत.

यशोधर हा त्यांचा एकुलता शिष्य. सोनाराच्या घरचा, त्यामुळे बोटांत उपजत कसब होते. पण त्याच्या मनात एक अढी हळूहळू घट्ट होत चालली होती. तो जी माशी बांधी, तिचे अर्ध्याहून अधिक पीस बाबा उलगडून काढीत. तो खंड्याचे निळे पीस निवडी, कोंबड्याच्या मानेचे ताठ, झळझळीत पीस निवडी. बाबा ते बाजूला सारून तित्तिराच्या पाठीचे मातकट पीस पुढे करीत. त्याने ठसठशीत गळ उचलला की म्हणत, जड आहे. का, ते कधी सांगत नसत. यशोधरला वाटू लागले, की म्हाताऱ्याचे हात आता थरथरतात, म्हणून आपली कारागिरी त्याला सोसवत नाही.

अशात शहरातून एक व्यापारी आला. यशोधरने फावल्या वेळात बांधलेली एक निळी-सोनेरी माशी पाहून तो हरखून गेला. अशा माश्या काचेच्या पेटीत मांडू, लोक पाहत राहतील, तू माझ्याबरोबर चल, असे त्याने सुचवले. यशोधरचा निश्चय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांपुढे उभा राहिला आणि आपण निघत असल्याचे त्याने सांगितले. मग राहवेना, म्हणून ती माशी पुढे करून म्हणाला, "बाबा, हिच्यात काय उणे आहे, एवढे तरी सांगा."

बाबांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ निरखली. सुंदर आहे, असे ते मोकळ्या मनाने म्हणाले. नंतर त्यांनी गळाची काठी उचलली, यशोधरला एका डोहापाशी नेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरायला सांगितले. खडकाला धरून गळ्यापर्यंत बसायचे, डोके बुडवायचे, उघड्या डोळ्यांनी वर पाहायचे आणि मुळीच हलायचे नाही. हे कसले उत्तर, ते यशोधरला कळेना. पण निरोपाच्या घडीला गुरूची आज्ञा मोडवेना.

पाणी हाडांत शिरणारे गार होते. आधी सगळे धूसर दिसले, मग डोळे सरावले. वर आकाश उजेडाच्या थरथरत्या पत्र्यासारखे पसरले होते. त्या उजेडात एक काळा ठिपका आला. ताठ, घट्ट, वाळक्या काटकीच्या तुकड्यासारखा. स्वतःच्याच भाराने तो बुडत निघून गेला. ती आपलीच माशी होती, हे उमगायला यशोधरला क्षणभर लागला. निळा रंग दिसत नव्हता, सोनेरीही नाही.

श्वास घ्यायला तो वर आला. बाबा काठावर माशी बदलत होते. तो पुन्हा बुडाला.

पायाजवळच्या दगडावरून एक किडा सुटला आणि वर चढू लागला. त्याच्या अंगाला हवेचा रुपेरी थेंब बिलगला होता. मग दुसरा सुटला, मग सारा डोहच वर निघाल्यासारखा झाला. पृष्ठभागाशी पोचताच त्यांची कातडी उकलत होती, चुरगळलेले पंख बाहेर पडत होते, आणि उजेडाच्या पत्र्यातून ते पलीकडे नाहीसे होत होते. इतकी वर्षे या काठावर काढली आणि डोक्याइतक्या खोलीवर हे चालले होते! त्यांच्यामधूनच बाबांची मातकट माशी आली. तिच्या पिसाचे विरळ तंतू प्रवाहाबरोबर मिटत होते, उमलत होते. ती जणू श्वास घेत होती. तो धागा आहे, पीस आहे, हे यशोधरला पक्के ठाऊक होते. तरी डोळे ते मानीनात. एवढ्यात खडकाच्या सावलीतून एक मोठा मासा आला, यशोधरच्या गालापासून हातभर अंतरावरून वर चढला आणि त्याने ती माशी अलगद तोंडात घेतली.

यशोधर वर आला तेव्हा बाबा मासा काठाशी ओढून घेत होते. बाबांनी हात ओला करून माशाच्या ओठातला गळ सोडवला, त्याला पाण्यात जाऊ दिले आणि मग ते खडकावर टेकले.

"अरे, पीस आपण आपल्या डोळ्यांनी निवडतो," ते म्हणाले, "पण ते पाहणारा खाली असतो. तिथून रंग दिसत नाही, हालचाल दिसते. तुझे पीस मी उलगडत होतो, ते पाण्याला जागा राहावी म्हणून. सगळे आपणच बांधून टाकले, तर नदीने काय करायचे? जीव ती घालते. आणि गळ एवढाच असावा, की पिसाला त्याचे ओझे होऊ नये. हे सांगून पटण्यासारखे नव्हते. आता तू जा, शेटजी खोळंबले असतील."

यशोधर कुडकुडत होता. तो काठाकडे वळला नाही.

"बाबा, ते अजून वर येताहेत," तो हळूच म्हणाला. "आणखी एकदा पाहतो." आणि छाती भरून श्वास घेऊन तो पाण्याखाली गेला.

दुपारी व्यापारी एकटाच परतला.