लख्ख पातेल्यांचा निकाल

“उद्यापासून डोंगरातलं रान बंद! काडी मोडाल तर याद राखा!” सोनगिरीचे राजे भानुप्रताप भर दरबारात गरजले.

त्याचं असं झालं, की गावातला धूर कमी व्हावा, झाडं वाचावीत म्हणून राजांनी तीन वर्षांमागे घरोघर सूर्यचुली वाटल्या होत्या. पेटी उन्हात ठेवायची, आत आपोआप भात शिजायचा. आणि आज प्रधान त्रिंबकपंतांनी हातभर लांब अहवाल वाचला. चुली वाटल्या आठशे, वापरात आठशे! मग आता लाकूड हवंय कुणाला?

मुदपाकखान्यात भांडी घासणारी येसाक्का दाराशी उभी होती. तिला हसू आवरेना.

“काय गं, दात काढायला काय झालं?” राजांनी विचारलं.

“महाराज, सगळेच उन्हावर रांधतात, तर रोज सकाळी गावावर धूर कसला दिसतो? ढग विड्या ओढायला लागले की काय?”

“ते धुकं आहे!” प्रधान ओरडले.

“वैशाखात?”

दरबार खुसखुसला. राजे मात्र हट्टाला पेटले. “माझा अहवाल खोटा म्हणतेस? उद्या दुपारपर्यंत सिद्ध कर! कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, गावात कुणाला एक प्रश्न विचारायचा नाही. नाही जमलं तर तुझी चाकरी गेली आणि रानही बंद!”

चाकरीचं येसाक्काला एवढं नव्हतं. पण रान बंद झालं तर आपल्या आळीतली पोरं उपाशी राहतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पदर खोचला.

“एवढंच ना, महाराज? उद्या साऱ्या गावाला खीर वाटा. रोज भात शिजतो तेच पातेलं घरटी एक घेऊन यायचं. मी नुसती पातेल्यांची बुडं बघीन.”

हे मात्र ती जरा मोठ्यानेच बोलली. प्रधानांचे कान टवकारले. संध्याकाळी त्यांची माणसं आळीआळीत फिरली. “पातेली घासा! बुडाला काळं दिसलं तर खैर नाही!” गावभर राख आणि चिंचेची खसाखस सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यापुढे रांग लागली. पातेली अशी लख्ख, की राजांनी एका पातेल्याच्या बुडात बघून मिशा नीट केल्या! फक्त सतरा जणींची पातेली कोळशासारखी काळी.

“सापडल्या!” प्रधान नाचलेच. “महाराज, या सतरा जणी लाकूड जाळतात!”

येसाक्काने शांतपणे विचारलं, “पंत, तुम्ही जन्मात कधी उन्हावर भात लावलाय?”

“मी? अगं, मी प्रधान आहे!”

“तरीच! अहो, सूर्यचुलीतलं पातेलं बाहेरून काळंच रंगवावं लागतं. काळं भांडं ऊन पितं, लख्ख भांडं ते परत फेकतं. तुमची माणसं दटावून गेली, तरी या सतरा जणींनी रंगाला हात लावला नाही. उद्याचा भात कच्चा राहिला असता ना! बाकी सगळ्यांनी घासलं, कारण त्यांचं पातेलं लाकडावरच चढतं. महाराज, आठशेत सतरा. हा तुमचा अहवाल!”

 राजे हळूच म्हणाले, “आणि आपल्या मुदपाकखान्यातली सूर्यचूल?”

“तिच्यात मांजर व्यालंय, महाराज. नाहीतर अठरा म्हटलं असतं!”

राजे पोट धरधरून हसले. “बरं, बाकीच्यांनी का टाकल्या गं?”

“आमच्या आळीत ऊन उतरतं दुपारी आणि माणसं कामाला निघतात सकाळी. या सतरा जणी राहतात उघड्या माळावर.”

“म्हणजे चूल दिली, ऊन द्यायचं राहिलंच!” राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. “रान खुलं! आळीआळीला उन्हाची मोकळी जागा काढून द्या. यापुढे प्रत्येक अहवाल आधी येसाक्का तपासेल. आणि पंत, आठशे पातेली काळी होईपर्यंत तुम्ही जेवायचं ते स्वतः सूर्यचुलीवर रांधून!”

“पण महाराज,” प्रधान रडवेले झाले, “पावसाळ्यात मी खाऊ काय?”

“तुमचं ते वैशाखातलं धुकं!” म्हणत राजे पुन्हा हसत सुटले.