फणसाच्या फळ्या आणि पिवळी परी

रानाला लागून एक इवलंसं झोपडं होतं, आणि त्याला दार नव्हतं. जुनं दार वाळवीनं खाल्लेलं. आत राहायची आवळी, तिचे बाबा आणि मोरी शेळी. रानात मात्र, बरं का, बिबट्या फिरत होता.

अंगणातला फणस वाऱ्यानं पडला, तेव्हा बापलेकींनी मोठ्या करवतीनं तो घरीच चिरला. हळदीसारखा पिवळा भुसा आवळीच्या वेणीत भरला. फळ्या सावलीत रचल्या, दोन फळ्यांमध्ये चपट्या काठ्या, वर जड दगड.

"उन्हात ठेवू या ना, बाबा! लवकर वाळतील."

"तडकतील गं बाय. लाकडाला घाई सोसत नाही."

पाऊस सरला, थंडी आली. एका सकाळी उंबऱ्यापाशी पंजे उमटलेले दिसले! बाबा तडक बिजागऱ्या आणायला बाजाराला गेले. तिन्हीसांजा होत आल्या, तरी परतले नाहीत. आवळीनं फळीवर बोट वाजवलं. धप्प! अजून ओलीच. टपकन एक आसू भुशात पडला, भुसा लखलखला, आणि त्यातून अंगठ्याएवढी पिवळी परी उठली.

"मी फणसातली परी. एकच इच्छा माग. पण आधी थप्पीत डोकावून बघायचं, ही अट."

आवळी वाकली. फळ्यांच्या फटीत मऊ घरट्यात खारीची तीन गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली.

"परीताई, फळ्या आत्ता वाळल्या तर?"

"फटी तव्यासारख्या तापतील."

कुंपणापाशी पाचोळा करकरला. मोरी केविलवाणी ओरडली. करवंदीच्या जाळीत दोन हिरवे डोळे चमकले. आवळीनं मोरीच्या गळ्याला मिठी मारली अन् घाईघाईनं म्हणाली, "पिल्लांचे डोळे उघडू देत! त्यांना पळता येऊ दे!"

टुकटुक करत सहा काळे डोळे उघडले. तीन शेपट्या फुलल्या, अन् पिल्लं सुर्र्कन शेजारच्या आंब्यावर आपल्या आईजवळ.

"वेडाबाई," परी हसली, "स्वतःसाठी काहीच नाही मागितलंस? घरटं रिकामं झालं, आता मला आत शिरू दे."

ती फटीत शिरली. फटीफटीतून सोनेरी उजेड उसळला, सारं अंगण केशरी झालं. बिबट्या दचकून रानात पळाला. उजेड विझला, तेव्हा परी नव्हती.

आवळीनं भीत भीत फळीवर बोट वाजवलं.

टण्!

रात्री बाबा बिजागऱ्या घेऊन परतले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच फळ्यांचं दार बसवलं. संध्याकाळी आतून कडी लागली, आणि मोरी पहिल्यांदाच पाय पसरून झोपली.