साठ मणांचा खांब

महाराज रुद्रसेनांचा चार मणांचा पितळी पुतळा हत्तींच्या हौदात तोंडावर पडला, आणि धामणगडात हसायला बंदी झाली. पुतळ्याखालचा तांब्याचा पोकळ खांब पहिल्याच दिवशी चेपला होता. खांब कमरेइतका उंच, पत्रा पिंपळपानासारखा पातळ. राजगणिती त्र्यंबकशास्त्र्यांनी आठ दिवस आकडेमोड करून तो साठ मण पेलेल, असं लिहून दिलं होतं. शास्त्रीबुवा चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा चूक भिवजी तांबटाची ठरली. त्याने तांबं चोरलं, उद्या त्याचा उजवा हात तोडा!

भिवजीची बायको तुळसा दाद मागायला तडक दरबारात आली. महाराज अजून घुश्श्यातच होते. भिवजीनेच घडवलेला तसाच दुसरा खांब समोर उभा होता. तो नेमका किती भाराला चेपून खाली बसेल ते सांग, महाराज म्हणाले. बरोबर निघालं तर नवरा सुटेल, पण शेरभर जरी चुकलीस तरी त्याचे दोन्ही हात जातील.

 तुळसाने शास्त्रीबुवांना विचारलं, पहिला खांब पारखला कसा? शास्त्रीबुवांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, बाजारात मडकं वाजवून घेतात तसा. काठीचे चार टोले दिले, आवाज खणखणीत आला.

"अन् तुमचं वजन किती, शास्त्रीबुवा?"

"सव्वादोन मण."

"मग महाराज, हा खांब सव्वादोन मणांना बसंल."

दरबार खाली मान घालून हसला. शास्त्रीबुवा तर हसत हसत स्वतःच खांबावर चढले. खांब जरासुद्धा हलला नाही. महाराजांनी शिपायाला भिवजीला आणायची खूण केली.

"थांबा महाराज," तुळसा म्हणाली. "शास्त्रीबुवांनी एवढंच सांगावं, पत्रा अस्सल हाये का?"

"आत्ता सांगतो," म्हणत शास्त्रीबुवांनी वाकून काठीचे दोन टोले हाणले. पत्र्याला पोचा पडला, आणि त्या पोच्यापासून अख्खा खांब मुडपत खाली बसला. पाठोपाठ शास्त्रीबुवाही बसले.

महाराज थक्क झाले. पत्रा किती सोसेल हे तिला आधीच कसं कळलं, त्यांनी विचारलं.

"पत्र्याचं कुणाला कळतंय, महाराज? एका पोच्यानं साठाचे दोन होतात, अन् पोचा कुठं पडंल ते गणितात बसत न्हाई. मला शास्त्रीबुवांचं तेवढं ठाऊक होतं. हातात काठी असली की ठोकल्याबिगर त्यांना राहवत न्हाई!"

महाराज पोट धरधरून हसले. भिवजीला तिथल्या तिथे सोडलं, तुळसाला सोन्याच्या पाटल्या दिल्या, आणि शास्त्रीबुवांना सहा महिने तिच्या हाताखाली भांड्यांचे पोचे काढायला बसवलं.